फ्यूजवरची चांदी

लोम, २ सप्टेंबर २०१९

प्रिय नेवेनाताई,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे खुशाल, असं लिहायची पद्धत आहे. पण ‘सगळे’ म्हणजे आता मी एकटाच, आणि मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो. द्राक्षं यंदा कमी, मिरच्या मात्र मायंदाळ. सकाळपासून गल्लीभर लाल मिरच्या भाजायचं चाललंय. या कागदालाही तो वास लागला असेल.

तुझा बुर्गासचा पत्ता पेना आत्याकडून घेतला. द्यायच्या आधी तिने मला पुरतं धुतलं. फोनच केला असता, पण पलीकडून तू ‘कोण?’ म्हणालीस की माझी दातखीळ बसते. मार्चमध्ये बसलीच होती. बाबा गेल्याचं मी तुला तीन दिवसांनी, त्यांना पुरून आल्यावर कळवलं आणि म्हणालो, गडबडीत राहून गेलं. ते खरं नव्हतं. त्याचं पुढे लिहितो.

आधी बातमी. बाबांचा अॅम्प्लिफायर मी खाली काढला. हो, तोच. चौतीस वर्षं कपाटावर जुन्या चादरीत गुंडाळून पडला होता. जगाचे रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, पण त्याला कधी हात लावला नाही, आणि घरात कुणी त्याचं नावही काढायचं नाही. लोकांना वाटायचं, पोरीवरचा राग अजून गेला नाही म्हाताऱ्याचा. ११ तारखेला त्यांना सहा महिने होतील. त्या दिवशी त्यांच्या आवडीची एखादी तबकडी त्याच यंत्रावर लावावी, एवढंच माझ्या मनात होतं.

चादर सोडली तर आत अजून जळका वास. बाजूची लाकडी फळी काळी पडलेली, समोरची बटणं मात्र शाबूत. कपॅसिटर फुगून वर आले होते, ते सगळे बदलले. आवाजाचं बटण खरखरत होतं, ते स्पिरिटने धुतलं. आतले दोन मोठे ट्रान्झिस्टर मेलेले. एका म्हाताऱ्याच्या भंगारातून तसेच मिळवले. तारांना कथलाचा डाग देताना हात थरथरतो आता. बाबांचा ऐंशीव्या वर्षीही थरथरत नव्हता. फ्यूजची जागा रिकामीच होती. ती पाहून मला जरा हायसं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

जळलेला ट्रान्सफॉर्मर त्सान्को काकाकडे नेला, नवीन तार गुंडाळून द्या म्हणून. बाबा कामाला होते त्या फॅक्टरीतला उरलेला शेवटचा माणूस तो. त्याने चष्मा कपाळावर चढवला, काळी तार नखाने उकरली आणि म्हणाला, “स्पास, हा असातसा नाही मेला रे. ह्याला मारलाय. फ्यूज काय झोपला होता काय तेव्हा?”

“मला काय माहीत,” मी म्हणालो.

“मेथोदीच्या, तुझ्या बापाच्या घरात फ्यूज झोपतो? काहीतरीच!”

“जुनी गोष्ट आहे, काका. तुम्ही तार गुंडाळा.”

एकोणपन्नास वर्षांचा घोडा झालोय ताई, आणि तोंडातून पुन्हा तेच पहिलं खोटं आलं.


५ सप्टेंबर

तीन दिवस पत्र तसंच पडून होतं. आता लिहितो, नाहीतर कधीच लिहिणार नाही.

तुझी शाळा संपली तो मे महिना. आई-बाबा खेड्यावर वेलींना पाणी द्यायला गेले होते, आणि तू वर्गातल्या पोरापोरींना घरी बोलावलंस. नाचताना कुणाचा तरी पाय स्पीकरच्या तारेत अडकला आणि उघड्या तारा एकमेकींना चिकटल्या. पाच मिनिटांत धूर, मग पडदा पेटला. बाबा परतले तेव्हा तू ओल्या पायऱ्यांवर बसली होतीस. आवाज पूर्ण वाढवून यंत्र जाळलंस म्हणत सगळ्यांसमोर त्यांनी तुझ्या मुस्काटात मारली. तू एकच वाक्य घोकत होतीस: “आवाज निम्म्यावर होता बाबा, शपथ घेऊन सांगते.” ते म्हणाले, “खोटारडी! ह्या घरात पाऊल टाकू नकोस.” आणि तू कोट घेऊन निघालीस ती कायमची. तुझ्या लग्नालाही ते आले नाहीत.

आवाज निम्म्यावरच होता. मी दारात उभा होतो, मी पाहिलं होतं.

त्याच्या दोन दिवस आधी बाबा कामावर गेल्यावर मी त्या यंत्राला माझी गिटार जोडली होती. फट् झालं आणि फ्यूज उडाला. दुकानात विचारलं तर बाई म्हणाली, “फ्यूज? पुढच्या महिन्यात ये, देवाने दिला तर.” तुला आठवतं ना, तेव्हा आपल्याकडे काय मिळायचं? मग मी सगळे करायचे तेच केलं. सिगरेटच्या पाकिटातला चांदीचा कागद घेतला, उडालेल्या फ्यूजवर गुंडाळला आणि परत बसवला. यंत्र मस्त वाजलं. स्वतःवर खूष होतो मी. पंधरा वर्षांचा होतो, चोरून सिगरेटी ओढायचो, आणि बाबांना यातलं काहीही कळू द्यायचं नव्हतं.

खरा फ्यूज असता तर तार अडकल्या क्षणी उडाला असता. गाणं बंद पडलं असतं, तुम्ही हसला असतात, बस्स. चांदी उडाली नाही. तुझ्या गालावरची ती चपराक माझी होती.

कितीदा सांगायला तोंड उघडलं, काय सांगू. आई गेली तेव्हा तू आलीस, कबरस्तानच्या फाटकापाशी उभी राहिलीस, आणि बाबांनी मान फिरवली. मी तुझ्या ओल्या कोटाची बाही धरून उभा होतो. तेव्हाही बोललो नाही. भ्याड माणसाला दर वेळी वाटतं, आता फार उशीर झाला. आणि बाबा गेल्यावर तुला उशिरा का कळवलं, तर तू आली असतीस, आत्याने त्या आगीचा विषय काढला असता, आणि मला त्यांच्या शवपेटीशेजारी उभं राहून ऐकावं लागलं असतं. एवढंच कारण. दुसरं नाही.

आता शेवटचं सांगतो. काल नवी तार गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर वरून नीट बसेना, म्हणून पहिल्यांदाच तळाचा पत्रा उघडला. पत्र्याला आतून चिकटपट्टीने एक पुडी लावलेली होती. पुडीत माझा फ्यूज. चांदीसकट. आणि वर बाबांचं पेन्सिलीतलं अक्षर: ‘१४ मार्च १९९१. हे स्पासचं काम.’

त्यांना माहीत होतं, ताई. अठ्ठावीस वर्षं.

मी स्टुलावर बसून ती तारीख पुन्हा वाचली. त्या वसंतात त्यांनी मला काही न बोलता स्वतःच्या दुरुस्तीच्या टेबलापासून दूर केलं होतं. “तू राहू दे, मी करतो,” एवढंच म्हणायचे. मला वाटायचं, माझ्या हाताला सफाई नाही म्हणून. आणि त्याच वसंतात ते एकटेच रेल्वेने बुर्गासला गेले होते. आईने तुझ्यासाठी म्हणून त्यांच्याजवळ मुरांब्याची बरणी दिली होती. तिसऱ्या दिवशी परत आले, बरणी तशीच टेबलावर ठेवली. म्हणाले, “घर सापडलं नाही.” आई म्हणाली, “पत्ता हातात असून?” ते उठून अंगणात गेले. ती बरणी आम्ही कुणीच उघडली नाही.

ते तुझ्या दारापर्यंत आले होते का? बेल वाजवली होती का? मला राहून राहून हेच विचारावंसं वाटतं. आले असतील आणि परत फिरले असतील, तर आम्ही बापलेक एकाच मातीचे. मला वाचवायला गप्प बसले, की स्वतःच्या त्या चपराकीला घाबरून, हे आता कोण सांगणार?

आज यंत्राला वीज दिली. त्यांच्याच पद्धतीने, मध्ये दिवा जोडून. “दिवा लख्ख पेटून राहिला तर हात मागे घे, मंदावला तर यंत्र शाबूत,” असं शिकवायचे. दिवा भपकन पेटला आणि हळूहळू मंदावला. दोन्ही बाजू वाजतात. तबकडी लावायला मात्र हात उठला नाही. नुसती घूं घूं ऐकत बसलो.

आता कामाचं. फाटकावर लावायचा बाबांच्या सहा महिन्यांचा शोक-कागद छापायला टाकायचा आहे. मार्चच्या आणि चाळिसाव्या दिवसाच्या कागदावर बाबांच्या फोटोखाली ‘शोकाकुल: मुलगा स्पास’ एवढंच होतं. तुझं नाव मी गाळलं. तुला विचारलं नव्हतं, असं आत्याला सांगितलं. ती फाटकासमोर उभी राहून ओरडली, “मेथोदीला एकच पोर होतं काय रे? गल्लीतलं कुत्रंसुद्धा विचारेल, थोरली कुठाय म्हणून!” काल तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मला सांगून काय उपयोग? तिला सांग.” त्सान्को काकालाही सांगून आलो.

छापखान्यातली बाई ९ तारखेपर्यंत थांबेल, तोवर फोनवर हो-नाही सांग. फोटोखाली दोन जागा सोडायला सांगितल्या आहेत, वरची तुझी. त्यांच्यासाठी शोकाकुल म्हणवून घ्यायचं की नाही हे तू ठरव. नको म्हणालीस तर मी समजेन. पण मग माझंही नाव येणार नाही. बाबांचा फोटो एकटाच लागेल. तुझ्याशिवाय माझं नाव आता मी कुठल्याही कागदावर लावणार नाही. ११ तारखेला सकाळी रीतीप्रमाणे गहू उकडून, साखर घालून कबरीवर नेईन. घराचं फाटक उघडं असेल.

सोबत पाकिटात ती पुडी ठेवली आहे. बाबांचं अक्षर आणि माझी चांदी, दोन्ही. ही चांदी चौतीस वर्षांपूर्वीच तुझ्या हातात असायला हवी होती.

तुझा, तू खरं बोलत होतीस हे जाणून गप्प राहिलेला भाऊ,

स्पास