चित्रातल्या बाईसाठी थांबलेली बस

बाबा, तुमची नात सहा वर्षांची झाली आणि तिने बस चालवायला घेतली आहे. घाबरू नका, टॅबवरच्या गेममधली. ती शाळेतून आली, दूध पोटात गेलं की जठारपेठेतल्या आमच्या छोट्या हॉलमध्ये आम्ही दोघी एकाच टॅबला चिकटून बसतो. स्टेअरिंग माझ्याकडे, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर तिच्याकडे. मी तोंडाने 'टण टण' केल्याशिवाय ती गाडी हलवत नाही, कारण तिचे आजोबा डबल बेलशिवाय एसटी काढत नसत, हे मीच तिला सांगून ठेवलं आहे. तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मायची होती. त्यामुळे तुमच्याबद्दल तिला जे ठाऊक आहे ते माझ्याकडून, आणि मी थोडं वाढवूनच सांगते.

खेळ साधा आहे. ठरलेल्या स्टॉपवरची माणसं घ्यायची आणि वेळेत शेवटच्या स्टॉपवर पोचायचं. पोचलं की नवी लाल बस मिळते. तिला ती लालच हवी आहे, तुमची होती म्हणून. तीन आठवडे झाले, आम्ही रोज हरतो, आणि त्याला कारण एक बाई आहे. पुलाच्या अलीकडे, स्टॉप नसलेल्या जागी, हिरव्या साडीतली एक बाई हात हलवत उभी असते. ती नुसतं चित्र आहे, बाबा, तिला गाडीत चढताच येत नाही. पण तुमची नात दरवेळी करकचून ब्रेक दाबते, दार उघडते आणि तिची वाट बघते. इकडे घड्याळ पळत असतं. परवा मी वैतागले. "अगं, चित्र आहे ते! तिच्यापायी आपण हरतो. सोड तिला."

"ते हात दाखवून राहिली नं, आई."

"पण ती बसत नाही ना गाडीत!"

"नाही बसली तर नाही बसली. आपण तर थांबलो."

एवढं बोलून तिने दार लावलं, 'टण टण'साठी माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही पुन्हा हरलो. रडली नाही, रुसली नाही. मला मात्र उठून स्वयंपाकघरात उगाच डबे आवरत उभं राहावं लागलं, इतका मला तिचा अभिमान वाटला.

डबे आवरता आवरता तुमची गाडी आठवली. मी दहा वर्षांची आहे, तुमच्या सीटशेजारी इंजिनच्या बॉनेटवर गोधडी टाकून बसले आहे. सेमाडोहहून आपण घाट उतरतो आहोत. संध्याकाळी अमरावतीला शाळेचं गॅदरिंग आहे, त्यात माझा नाच आहे आणि गाडीला आधीच उशीर झाला आहे. डावीकडच्या पायवाटेने एक बाई डोक्यावर बोचकं घेऊन, हात वर करून धावत येते. तुमचं लक्ष समोरून आलेल्या ट्रककडे. मला ती दिसते आणि मी गप्प बसते. थोडं पुढे गेल्यावर तुम्हांला ती आरशात दिसली. घाटात गाडी मागे घेता येईना, म्हणून तुम्ही ती कडेला लावलीत, इंजिन बंद केलंत आणि ती येईपर्यंत थांबलात. लोक कुरकुरत होते. तुम्ही माझ्याकडे वळलात.

"तुले दिसली होती ना?"

मी मान हलवली.

"मंग बोलली काहून नाही? तिले आता उद्याच गाडी होती. तुह्या नाचासाठी तिनं जंगलात थांबावं का?"

सगळ्या गाडीदेखत बोललात. नाच हुकला तो हुकलाच. आठवडाभर मी तुमच्याशी अबोला धरला. पण माझ्या बापासारखा ड्रायव्हर अख्ख्या वऱ्हाडात नाही, असं मला त्या आठवड्यातही वाटत होतं. तेव्हा सांगितलं नाही, आता सांगते.

आणखी एक सांगायचं आहे. काल मला सुट्टी होती आणि ती शाळेत गेली होती. तिला ती लाल बस मिळावी म्हणून माझाच जीव खालीवर होत होता. मी एकटीच खेळायला बसले. पुलाच्या अलीकडे बाई हात हलवत होती. मी अ‍ॅक्सिलरेटरवरचं बोट उचललं नाही. वेळेआधीच पोचले. शाळेतून आल्यावर पडद्यावरची लाल बस पाहून ती सोफ्यावर नाचली, ओरडली, मग एकदम थांबली. "त्या बाईसाठी थांबली होती नं?"

मी हो म्हणाले. तिने गळ्यात हात टाकले. "आई, तू आजोबासारखीच चालवते."

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून तर लिहायला जमलं. पोचलं असतं तर तुम्ही एवढंच विचारलं असतं, पोरीले सांगितलं का? नाही सांगितलं, बाबा. आजोबासारखी म्हणाली ना, ते परत द्यायला माझं मन होत नाही.