खंड्याचं अमेरिकेतलं बारसं

लॉस एंजेलिस,
९ मे १९९३

ती. बाबांस,
कानाएचा सा. न. वि. वि.

आईने पाठवलेली उमेबोशीची, म्हणजे खारवलेल्या आंबट फळांची, बरणी न फुटता पोचली. ऑफिसातल्या एकाने जर्दाळू समजून अख्खं तोंडात टाकलं. तो अजून माझ्याकडे संशयाने बघतो.

आता कामाचं. तुम्ही मुखवटा चढवून केलेल्या आपल्या जुन्या ‘कावासेमी’ मालिकेतल्या सगळ्या मारामाऱ्या आमच्या कंपनीने रीतसर विकत घेतल्या आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मुखवट्याच्या आत तुम्हीच राहणार. मुखवटा काढला, की मात्र खालून कॅलिफोर्नियाचा सोनेरी केसांचा कॉलेजकुमार निघणार. आईला सांगा, नवरा बदलून मिळतोय.

पण नावाने आमचा घात केलाय. कावासेमी इथल्या मुलांच्या जिभेवर बसेना. त्याचा सरळ अर्थ घेऊन खंड्या म्हणावं, तर इंग्रजीतलं ते नाव कुठल्याशा देशात बिअरच्या बाटलीवर आहे म्हणे, आणि आमची मालिका तर शाळकरी मुलांची. शेवटी ‘ब्लू डार्ट’ ठरलं. पहिल्या भागांत आवाज भरून झाले, खेळण्यांचे साचेसुद्धा पडले, आणि आता एका खेळणीवाल्या कंपनीने नोटीस धाडली आहे, की ‘डार्ट’ हा शब्द आमच्या मालकीचा. वकीलबाई इतक्या धास्तावल्या आहेत, की पोशाखाच्या छातीवरचं अक्षर तरी कुणाचं नाही ना, म्हणून मला विचारत होत्या. मी म्हटलं, ते दीड हजार वर्षांपूर्वी चीनमधून आलंय, मालक केव्हाच वारला असणार. त्यांनी ते लिहून घेतलं!

नवीन नाव शोधता येईल. मुखवट्याला ओठ नसतात, त्यामुळे कुठलाही शब्द तोंडी घालता येतो. अडलंय ते फुकामीबाईंपाशी. खंड्या त्यांनी रचलेला. त्याच्यात काहीही बदलायचं तर त्यांची लेखी संमती हवी, असं करारात आहे. पहिल्या नावालाही त्यांनी होकार कळवला नव्हता. आमच्या कंपनीच्या प्रुइटसाहेबांनी ‘येईलच’ म्हणून काम रेटलं. आता खेळणीवाल्यांना आयतं सापडलंय, की तुमच्याकडे मूळ लेखिकेची सही तरी कुठे आहे? ती आली नाही तर मालिका कपाटात जाईल. आमच्या छोट्या कंपनीकडे दुसरं काम नाही, म्हणजे माझंही इथलं बिऱ्हाड मोडलं.

बाबा, तुम्ही त्यांना ओळखता. एकदा भेटून याल का?

माया आहेच, ती टपालहशिलाच्या हिशोबाबाहेर राहो.

तुमची,
कानाए

---

टोकियो,
१८ मे १९९३

चि. कानाएस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझी आई म्हणाली, की सोनेरी केसांचा चालेल, पण भांडी घासतो का ते आधी विचार.

फुकामीबाईंना मी ओळखतो, हे खरं. पण ओळखणं वेगळं आणि त्यांच्या दारात उभं राहणं वेगळं. पहिल्या दिवशी त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि बजावलं होतं, की नेझु, तुझं तोंड कुणी बघणार नाही, तेव्हा जे सांगायचं ते पायांनी सांग. त्यानंतर सेटवर मी त्यांच्यासमोर कधी तोंड उघडलं नाही. त्या आता इतोला समुद्राकाठी एकट्या राहतात. फोन उचलत नाहीत.

तू परत आलीस तर आईला आनंदच होईल, आणि मला काय दुःख होणार आहे? पण पडून परत येणं नको. मन भरलं म्हणून ये, हवी तेव्हा ये. मी जातो. बरोबर सेटवरच्या इवामालाही नेतो. त्यांच्या दाराशी मला कुणीतरी मागून ढकलायला हवं.

जीव लावून आहेस, तशीच राहा.

तुझा,
बाबा

---

टोकियो,
२ जून १९९३

चि. कानाएस,
अनेक आशीर्वाद.

जाऊन आलो. जिवंत आहे.

इवामा तुला आठवत असेल. जवळजवळ प्रत्येक भागात राक्षसाच्या रबरी कातड्यात शिरून माझा मार खाणारा तो. आता त्याचं नूडल्सचं दुकान आहे, आणि त्याचं पोट त्याच्या आधी आत शिरतं. आम्ही योकान मिठाईचा डबा घेऊन गेलो. फुकामीबाईंनी दार उघडलं, मला सोडून इवामाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, राक्षस बरा पोसला आहेस रे!

मी नावाचं बोलायला लागलो, तर त्यांनी मला मध्येच तोडलं. त्यांनी मुळात या वीराचं नाव काजवा ठेवलं होतं! चित्रीकरण सुरू व्हायच्या बेतात कळलं, की त्या नावाने डासांची अगरबत्ती विकली जाते. तेव्हा स्टुडिओत बसल्या बसल्या खिडकीबाहेरच्या कालव्यावर जो पक्षी दिसला, त्याचं नाव दिलं. बाई म्हणाल्या, की कावळा दिसला असता तर तू कावळा म्हणून उड्या मारल्या असत्यास. नावाचा मला सोस नाही.

मग उत्तर का दिलं नाहीत, असं इवामाने विचारलं. (मी नाही.) तेव्हा त्या चिडल्या. अमेरिकेहून नमुन्याचा पहिला भाग त्यांच्याकडे आला होता. तो त्यांनी पाहिला, आणि त्यात लढाईनंतरचा नमस्कार कापलेला होता. पत्रांवर पत्रं आली ती सगळी नावासाठी. नमस्काराचं कुणी चकार शब्दाने विचारलं नाही. म्हणाल्या, की त्याला हवं ते म्हणा, पण हरलेल्यापुढे वाकत नसेल तर तो माझा नव्हे. मग माझी सही कशाला हवी?

कानाए, तो नमस्कार काय होता ते तुला कधी सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं आहे असं मला वाटलंच नव्हतं. पहिल्या उन्हाळ्यात इवामा रबराच्या आत घुसमटून बेशुद्ध पडला. आम्हाला वाटलं, झकास अभिनय करतोय. त्यानंतर प्रत्येक लढाई संपली, की मी त्याच्यापाशी गुडघा टेकायचो आणि श्वास ऐकू येतो का बघायला मान खाली घालायचो. तो आतून माझी पोटरी चिमटायचा, मग मी उठायचो. दिग्दर्शकाला ते आवडलं. पुढे बाईंनी ते गोष्टीतच लिहून टाकलं, की खंड्या शत्रूलाही नमस्कार करतो.

हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते माहीतच नव्हतं! त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. मग इवामाला म्हणाल्या, की चिमटा काढून दाखव. त्या गाढवाने काढला. अजून निळं आहे.

तर अट एवढीच: नाव काहीही ठेवा, नमस्कार जागेवर हवा. तसं लेखी आलं, की त्या सही करतील. आता तुझ्या साहेबांकडे तू बघ. माझे पाय तिथवर पोचत नाहीत.

इथे सगळ्यांचा जीव तुझ्यात आहे, इवामाच्या पोटासकट.

तुझा,
बाबा

---

लॉस एंजेलिस,
२७ जून १९९३

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

सुटलो, बाबा, सुटलो! आधी हे लिहिते, बाकीचं मागून.

तुमचं पत्र घेऊन प्रुइटसाहेबांकडे गेले, तर ते साफ नाही म्हणाले. लढाई संपली, की मुलं चॅनल बदलतात, तिथे कुणी वाकत बसलं तर धंदा बुडेल, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना संकलनाच्या खोलीत नेलं, न कापलेला तुकडा लावला आणि इवामाकाकांची सगळी हकिगत सांगितली. माझा आवाज चढला होता, हेही कबूल करते. घरी निघायची तयारी मी मनाने केलीच होती, मग घाबरायचं कशाला?

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. मग त्यांनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. म्हणाले, की कॉलेजात असताना मी तळलेल्या कोंबडीच्या दुकानाबाहेर कोंबडा बनून नाचायचो. एकदा भर ऑगस्टात चक्कर येऊन पडलो. लोक टाळ्या वाजवून निघून गेले. माझ्यापाशी कुणी वाकलं नाही. एवढं बोलून ते बाहेर गेले, आणि दुपारी फुकामीबाईंच्या नावे त्यांच्या सहीचं पत्र निघालं.

बाईंची संमती काल पोचली. वकीलबाईंनी ‘कोबाल्ट’ हे नाव चारी बाजूंनी तपासलं. खेळणी, बिअर, अगरबत्ती, कुठूनही हरकत नाही. डार्टवाल्यांनी तक्रार मागे घेतली. मालिका सप्टेंबरात लागणार, आणि माझी खोली मी आणखी वर्षभरासाठी घेतली आहे. काल रात्री कितीतरी दिवसांनी आडवी झाले ती थेट सकाळीच उठले.

आईला म्हणावं, रडू नकोस, नवीन वर्षाला येते. पोटरीला मलम लावा.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी दुसरी कंपनी नाही, म्हणून निर्धास्त असलेली,
कानाए

---

टोकियो,
३० ऑक्टोबर १९९४

चि. कानाएस,
अनेक आशीर्वाद.

मोठी गंमत झाली आहे. तुमचा कोबाल्ट इथल्या एका वाहिनीने उलटा विकत घेतला. त्याला जपानी बोलतं करायचं होतं. फुकामीबाईंनी त्यांना कळवलं, की कॉलेजकुमाराला हवा तो आवाज द्या, मुखवट्याचा आवाज मात्र नेझुचाच हवा.

तुला माहीतच आहे, जुन्या मालिकेत माझ्या अंगावर आवाज एका देखण्या नटाचा असायचा. त्यामुळे माइकसमोर उभं राहिल्यावर माझी पार गाळण उडाली. उभ्या उभ्या ओरडायला जमेना. शेवटी लाथ मारत ओरडलो, आवाज झकास लागला आणि माइकचा स्टँड आडवा झाला. पुढचं सगळं त्यांनी मला मोकळ्या जागेत, माइक छताला टांगून बोलायला लावलं. गुडघा दोन दिवस सुजला होता, पण ते आईला कळवलेलं नाही. पत्र तिने वाचलं तर आता कळेल.

काल संध्याकाळी पहिला भाग लागला. मी टीव्हीसमोर मांडी घालून बसलो होतो. आई आत मासे भाजत होती. कोबाल्ट कड्यावर उभा राहिला आणि त्याने दऱ्याखोऱ्या हादरतील अशी आरोळी ठोकली. त्याबरोबर स्वयंपाकघरातून आई त्याच्या वर ओरडली, की अहो, ऐकू आलं, वाढतेच आहे, एवढा गळा कशाला काढताय!

मी तोंड मिटून बसलो होतो.

तुझा,
बाबा