सूत धरणारा

१० नोव्हेंबर, पवनी

नोकरी लागली! नोकरी म्हणजे काय, बसून बोलायचं. राइस मिलमध्ये पोती उचलली, मंडपवाल्याच्या खुर्च्या मांडल्या, कुठेच जीव रमला नाही. आता बडबडीचे पैसे. हे काम माझ्यासाठीच काढलेलं दिसते.

केवळराम काका वैनगंगेवर मासे धरायचे. पावसाळ्यात लकवा मारला. पाय सुधारला, उजवा हात लुळाच, आणि डोकं अडकलं. चहाला साबण म्हणतात. बायकोला ओळखतात, नाव सापडत नाही. नागपूरहून प्रेरणा मॅडम येतात, त्यांचं यावर संशोधन चालू आहे. त्या म्हणाल्या, लकव्यानंतर सगळे हातपाय बघतात, डोक्याकडे कोणाचं लक्ष नसते, आणि त्यावर हमखास औषध अजून कोणालाच सापडलं नाही. म्हणून काही घरांत रोज बोलणारा सोबती ठेवून बघतायत. इथला सोबती मी.

काकांच्या बायकोनं, शकुनबाईनं, झिंग्यांचा रस्सा वाढला. दोनदा भात घेतला. घाटावर एक लंगडं कुत्रं आहे, फार तोऱ्यात चालते. त्याचं नाव मी कलेक्टर ठेवलं.

माझी माय अड्याळला, जवळच. रविवारी जाईन.

१३ नोव्हेंबर

मॅडमनी काकांना पाच शब्द सांगितले, मग थोड्या वेळानं विचारले. एकही नाही. घड्याळ काढायला लावलं तर सगळे आकडे एकाच बाजूला. धडधाकट माणसाचेही मार्क लागतात म्हणून माझीही परीक्षा घेतली. सगळं बरोबर! शाळेत कधी असं झालं नव्हतं.

काकांजवळ अर्धं विणलेलं जाळं आहे. डाव्या हातानं गाठी मारायला बघतात, पण समोरून सूत धरायला माणूस लागते. मी धरलं. शकुनबाई भांडी टाकून धावत आल्या. म्हणे, काहून धरलं रे बाबू, मले विचारलं तरी असतं. त्यांच्यात जाळं पुरं होईपर्यंत सूत धरणारा बदलत नाही, आणि वाटा दोघांचा निम्मा-निम्मा. मिथुन, त्यांचा पोरगा, मधेच सूत सोडून पुण्याला गेला, आणि त्याच आठवड्यात काका पडले. मी म्हटलं, चला, निम्मे मासे माझे. त्या हसल्या नाहीत.

२० नोव्हेंबर

नुसते शब्द काकांना टिकत नाहीत. माझ्या घरच्या गोष्टी टिकतात. त्या सांगत बसतो, ते ऐकत गाठ मारतात. लहानपणी अड्याळच्या तळ्यात बुडत होतो, मायनं केस धरून काढलं आणि वरून हाणलं, ते सांगितलं. तिचं नाव साधना, तेही. आज मॅडमसमोर काका स्वतःहून म्हणाले, साधना. मॅडम खूश.

मी मात्र थकतो. पोती उचलूनही असा थकवा नव्हता. रविवारी जाणं झालं नाही.

२९ नोव्हेंबर

कुत्र्याला हाक मारायला तोंड उघडलं, नाव येईना. आतून काका ओरडले, अबे कलेक्टर! आलं शेपूट हलवत. मीच सांगितलं असेल त्यांना.

दुपारी त्यांनी मला तळ्याची गोष्ट सांगितली, स्वतःचीच असल्यासारखी. मी बुडून राहिलो होतो, म्हणे. मायच्या हिरव्या बांगड्या फुटल्या, म्हणे. बांगड्यांचं मी बोललो नव्हतो. आठवायला गेलो तर पाणीच दिसेना. तळंही नाही.

मायला विचारायला हवं. फोन लावायचा राहिला. झोप येते नुसती.

४ डिसेंबर

परीक्षा. काकांचे पाचही शब्द बरोबर, घड्याळ गोल. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. मला दोनच. मॅडम म्हणाल्या, दमलास तू, आराम कर. माझं घड्याळ मी हाताखाली झाकलं — आकडे सगळे एका बाजूला.

मग सूत सोडायला गेलो. काकांनी मनगट धरलं. उजव्या हातानं. म्हणाले, जाळं होऊनच राहिलं आता, पोरा.

७ डिसेंबर

बॅग भरून स्टँडवर गेलो. पाट्या वाचता आल्या. पवनी, कोंढा, अड्याळ — यातलं माझं कोणतं, ते काही —

बसून राहिलो. बस गेली. शकुनबाई न्यायला आल्या. रस्ताभर रडल्या. उजवा पाय घासत होता माझा.

९ डिसेंबर

जाळं झालं.

काकांनी शेवटची गाठ मारली, माझी बॅग उचलली. मायकडे जातो, म्हणे. ताठ गेले, पाठमोरे हुबेहूब मी. कुत्रं त्यांच्यामागे —

शकुनबाईनं वळूनही पाहिलं नाही तिकडे. भाताचा घास माझ्या तोंडाशी धरला. घ्या न, मिथुनचे बाबा, म्हणे. अर्धा घास बाहेर आला. तिनं पुसला.

वाटा. हा माझा निम्मा —

सकाळ

डाव्या हातानं लिहितो. फोन वाजला. खाटेखाली राहिला होता. बाई बोलली, हसत, रडत. म्हणे, पोरगा आला माझा, इतक्या दिवसांनी, भाजी मागून खाल्ली. फोन तुमच्याकडे विसरला म्हणे, सांभाळून ठेवजा. मग म्हणे, तुम्ही कोण बोलता?

आवाज — हा आवाज माझ्या ओळखीचा — मी ओरडलो, तोंडातून नुसतं —

तिनं ठेवला. परत लावतो. नाव दिसलं की लावतो. तिचं नाव सा —

सा —

साबण —