नोव्हेंबरची नळी

सोमवार, ४ मार्च

प्रयोगशाळेत आज अख्खी प्लेट फुकट गेली! शहाण्णव खळगे, दिवसभराचं काम. जे खळगे बिनरंगी राहायला हवेत तेच पिवळेधमक. मॅडम म्हणाल्या, "अहो, तुमच्या हातून असं होत नाही कधी." नाहीच होत. वीस वर्षं लोकांच्या रक्तातल्या अँटिबॉडी मोजतेय, डोळे झाकून करीन.

घरी आले. कुणाला सांगणार? कुकरला?

मंगळवार, ५ मार्च

काल चिडचिडीत नीट लिहिलं नाही. नव्या कामात लोकांचे दोन गट करायचेत – नुसती लस घेतलेले, आणि आजारही होऊन गेलेले. आमच्याकडच्या लसीने विषाणूच्या वरच्या काट्यांपुरत्या अँटिबॉडी तयार होतात. आतल्या प्रथिनाच्या दिसल्या, की समजायचं – खरा कोरोना होऊन गेलाय. आणि दर प्लेटवर एक रक्त असं लागतं, ज्यात यातलं काहीच नाही. त्याला आम्ही 'कोरं' म्हणतो; त्याचा खळगा पिवळा होता कामा नये.

आमच्याकडे कोरं म्हणजे मी! लस यायच्या आधी आम्ही सगळे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी रक्त द्यायचो आणि नळ्या गोठवून ठेवायचो. एकेक जण आजारी पडून बाद झाला. उरले मी. "यांना विषाणूही टरकून असतो," म्हणायचे.

आधीच्या नळ्या संपत आल्या, म्हणून काल पहिल्यांदाच २०२०च्या नोव्हेंबरची काढली. आई कोरोनाने गेली त्याच्या पुढच्या महिन्यातली. आधी तपासून घ्यावी असं कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्या तर नाहीच.

बुधवार, ६ मार्च

पुन्हा लावली. पिवळी.

शुक्रवार, ८ मार्च

ऑक्टोबरची शेवटची नळी लावली. कोरी. म्हणजे मधल्या चार आठवड्यांत मला होऊन गेला. ना ताप, ना खोकला. आईच्या उशाशी बसून मी तिला औषधं देत होते, आणि तो माझ्याही अंगात होता.

धाकटी बहीण तेव्हा आईच्या फोटोसमोर म्हणाली होती, "तूच आणलास घरी. रोज त्याच रक्तात हात घालायचीस!" मी माझ्या स्वॅब-तपासणीचा कागद तिच्या तोंडावर फेकला. निगेटिव्ह होता ना! "वाच! मला झालेलाच नाही." मग ती बोलायची थांबली. मीही. साडेतीन वर्षं झाली. काही निरोप असला तर तिच्या नवऱ्याकडून येतो – "अहो ताई, हिने विचारलंय, आईचे दागिने कपाटातच आहेत ना?" मागे तिची कुजबूज ऐकू येते, ती तिथेच असते.

त्या एका कागदाच्या जिवावर मी ताठ राहिले. आता कागदही गेला.

रविवार, १० मार्च

दुपारभर आईच्या खोलीत बसले. चादर बदलली. कुणी झोपत नाही तिथे, तरी बदलते.

शेवटचा धड रविवार आठवला. आई आजारी पडायच्या पाच दिवस आधीचा. धाकटी आली होती. गॅससमोर उभी राहून फोनवर बोलत होती, आणि तिच्या पुढ्यात दूध करपून कोळसा झालं. घरभर धूर! आई काठी टेकत बाहेर आली. "अगं, नाक कुठे ठेवून आलीस?" आम्ही तिघी इतक्या हसलो, की आईला ठसका लागला. पातेलं मीच घासलं. आठ दिवस घासत होते.

तसं हसणं त्यानंतर या घरात झालेलं नाही.

सोमवार, ११ मार्च

मॅडमना सांगितलं. माझ्या नळ्या यादीतून काढल्या. त्यांनी खुर्ची ओढून मला बसवलं. "अँटिबॉडी दिसायला दोन आठवडे लागतात. कुणाकडून कुणाला गेला, हे नळी सांगत नाही. उगाच स्वतःला खाऊ नका."

मला काय शिकवतात! मी हे शंभर जणांना समजावलंय. पण धाकटीला मी 'झालाच नाही' असं ठणकावून सांगितलं होतं, आणि ते खोटं निघालं. तेवढं तरी तिला सांगायलाच हवं. सांगितलं तर उरलासुरला धागाही तुटेल. भीती वाटते. खरंच वाटते.

बुधवार, १३ मार्च

सात वेळा खोडून शेवटी पाठवलं: "मला कोरोना झाला होता. आता कळलं. तू म्हणत होतीस ते खरं असेल. मला माफ कर."

गुरुवार, १४ मार्च

वाचलंय तिने. उत्तर नाही.

शनिवार, १६ मार्च

अजून उत्तर नाही. प्रयोगशाळेत कुणी 'कोरं' म्हणत नाही मला आता. चिडवायचे तेच बरं होतं.

रविवार, १७ मार्च

सकाळी फोन. तिचा स्वतःचा! "ताई…" साडेतीन वर्षांनी ताई! मग रडायलाच लागली. "ताई, त्या दिवशी… मला दुधाचा वास आलाच नव्हता गं. दोन दिवसांपासून कसलाच येत नव्हता. मी कुणाला बोलले नाही."

मी विचारलं, "जेवलीस का?"