‘हिमफूल’ कुणाचं?

प्रिय रोदिओन,

हे पत्र मी टाकणार नाही, म्हणून मोकळेपणानं लिहितेय. आज मॉस्कोच्या कोर्टात मी मागच्या बाकावर बसले होते. ‘हिमफूल’ व्होडकाचं नाव सरकारी कंपनीचं की तुझ्या मालकाचं, हा वाद होता. न्यायाधीशबाईंनी तुला विचारलं, “नाव कुणाला सुचलं?”

“तैसियाला. तेव्हा ती सरकारी कारखान्यात कामाला होती.”

तुझा वकील कळवळला, “अहो, आपण हरू ना!”

“हरू दे. नाव तिचंच आहे.”

सरकारी कंपनी जिंकली. आपलं ठरलेलं लग्न मोडल्यावर तू मला विसरलास, असंच मी धरून चालले होते.

रात्री जेवताना माझ्या नवऱ्यानं विचारलं, “कोण जिंकलं गं?”

“सरकार,” मी म्हटलं, आणि हसू लपवायला सूपचा वाडगा तोंडाला लावला.

सुखात असलेली,
तैसिया