पुढची फेरी नसते

कर्वेनगर, पुणे
५ सप्टेंबर २००६

चि. नमूस,
आईचा जय भीम आणि एक गालगुच्चा.

इकडे सगळे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. उद्या विसर्जन आहे, त्यामुळे चौकातल्या ढोलांनी खिडकीच्या काचा थरथरतायत आणि तुझे बाबा कानात कापूस घालून पेपर वाचतायत. दादाची कंपनी त्याला पगार देते आणि झोप काढून घेते. बाकी ठीक.

परवा फोनवर तू रडलीस, मग मी रडले, आणि कार्डातले पैसे संपले. म्हणून हे पत्र. कागदावर आपल्याला मध्ये कुणी तोडत नाही.

तू सांगितलंस त्यातलं मला काय कळलं ते आधी लिहिते, चुकलं तर सांग. तुमच्या युनिव्हर्सिटीत मुलींच्या गटांची म्हणून घरं आहेत, गटातल्या पोरींनी एकत्र जेवायचं-राहायचं. प्रत्येकाला ग्रीक अक्षरांचं नाव, जे माझ्या जिभेवर बसत नाही. म्हणून मी एकाला पांढरं घर म्हणते आणि दुसऱ्याला विटांचं. नव्या पोरी आठवडाभर घरोघर जाऊन गोड गोड बोलतात. अगं, म्हणजे कांदेपोहेच की, फक्त पोहे नाहीत! शेवटच्या दिवशी मुलीने लिहून द्यायचं, कुठल्या घरात जायला तयार आहे, आधी कुठलं, मग कुठलं. घरंही आपापली पसंती देतात. मग जुळवाजुळव, आणि दुसऱ्या दिवशी हातात पाकीट. खाली सही असते ती अशी, की मी लिहिलेल्यांपैकी ज्या घराने मला बोलावलं तिथे मी जाईन. नाही गेलीस तर वर्षभर बाकी सगळ्या घरांची दारं बंद. बरोबर ना?

समोरच्या सुशीलाबाईंनी विचारलं, "म्हणजे आपलं महिला मंडळच ना हो?" म्हटलं, "हो, फक्त तिथे हळदीकुंकू नाही आणि अध्यक्षपदावरून भांडणं नाहीत." त्या स्वतः मंडळाच्या अध्यक्षा आहेत. चहा अर्धा टाकून गेल्या.

आता बाबांचं. ते तुला फोनवर काही बोलले नाहीत कारण त्यांना तोंड दाखवायला लाज वाटतेय. दादाच्या इंजिनिअरिंगच्या वेळी काय झालं ते तुला आठवत असेल. त्याने ऐटीत फक्त आवडती कॉलेजं लिहिली, आणि पहिल्या फेरीत त्याला काहीच लागलं नाही. तेव्हापासून बाबांनी कानाला खडा लावला, की अर्जातला एकही रकाना मोकळा सोडायचा नाही. मिळेल ते घ्यायचं, पुढच्या फेरीत वरचं मिळवायचं. तुमच्याकडच्या त्या सीनियर मुलीने तुला बजावलं होतं, जिथे खरंच जाशील तेच नाव लिही. पण सही करायच्या आधी तू बाबांना फोन केलास, आणि बाबा काय सांगणार? "दोन्ही भरून टाक, पुढच्या फेरीत बघू." तू भरलंस. पांढऱ्या घराने घेतलं नाही, विटांच्या घराने घेतलं. आणि सही केल्यावर तुमच्याकडे पुढची फेरी नसते.

तुझी रूममेट एमिली गेली पांढऱ्या घरात, आणि ज्या घराला सगळं कॅम्पस हसतं ते आलं तुझ्या वाट्याला. बोलावणं आलेल्या सगळ्या मुली नाचत गेल्या आणि तू खोलीत पडून राहिलीस गं. अठराव्या वर्षी परक्या देशात एकटं जेवायचं म्हणजे काही खायचं काम नाही.

बाबांनी एक मार्ग काढलाय. तुमच्या डीनबाईंना पत्र लिहायचं, की आमच्या धर्मात मुलींना अशा मंडळात जाता येत नाही, तरी कृपया सही रद्द करावी. म्हणजे जानेवारीत काही घरं पुन्हा थोड्या मुली घेतात म्हणालीस, तेव्हा तू पांढऱ्या घरात प्रयत्न करायला मोकळी. (तेव्हा तो धर्म कुठे गेला असं डीनबाईंनी विचारलं तर काय सांगायचं, ते अजून ठरलं नाही.) दादाने इंग्रजी तपासून दिलंय. तू हो म्हटलंस की पाठवतो.

आणि तेही नको असेल, तर सरळ परत ये. मी इथल्या कॉलेजात सहज चौकशी करून आले. अगदी सहज, त्याच रस्त्याने भाजी आणायला जायचं होतं. तुझी खोली आहे तशीच आहे. हॉस्टेल न मिळालेल्या पोरी येऊन विचारतात, काकू, पेइंग गेस्ट ठेवता का? मी म्हणते, नाही बाई, आमची मुलगी यायची आहे.

लवकर कळव. वेळेवर जेव.

तुझी वाट बघणारी,
आई


कर्वेनगर, पुणे
४ ऑक्टोबर २००६

बाईसाहेब नम्रता यांना,
कडक जय भीम!

तुझं पत्र शनिवारी आलं. बाबांनी उभ्याउभ्या वाचलं, मग चष्मा पुसून बसून वाचलं. दादाने वाचलं आणि म्हणाला, "ही कधी एवढी मोठी झाली?" मी शेवटी स्वयंपाकघरात नेऊन वाचलं. पोळी करपली. करपू दे.

तू लिहिलंयस, "आई, बाबांना ते पत्र पाठवू देऊ नकोस. आपल्या धम्मात असं काही नाही, आणि नसलेली गोष्ट त्याच्या नावावर खपवायची नाही. मला कुणी जबरदस्ती केली नव्हती. नाव मी लिहिलं, सही मी केली. त्या घरातल्या मुलींनी त्यांच्या कागदावर माझं नाव खरंच मनापासून लिहिलं होतं गं."

हे शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. आम्ही तिघं इथे तुला काय मिळालं आणि काय नाही मिळालं तेच मोजत होतो. पलीकडच्या दारात कुणीतरी तुझी वाट बघत असेल हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. तुझ्या आलं.

मग तू विटांच्या घरी गेलीस ते वाचून तर मी सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगत सुटलेय. ती उंच पोरगी पिठाच्या हातांनी दार उघडते काय, आणि तू आत पाय टाकायच्या आधी तिला सांगतेस काय, की तुमचं नाव मी नुसतं रकाना भरायचा म्हणून लिहिलं होतं! मेले, एवढं खरं बोलायला कुणी सांगितलं होतं तुला? आणि तिने म्हणावं, "निम्म्याजणी अशाच आल्यात, आत ये, धिरडी गार होतायत." तिला माझा जय भीम सांग. धिरडी म्हणजे तिकडे काय करतात ते पुढच्या पत्रात लिही. गोड असतील तर मला सांगू नकोस.

सोमवारी दसरा झाला, आपला धम्मचक्र प्रवर्तन दिन. यंदा दीक्षेला पन्नास वर्षं होतायत म्हणून विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. तिथे जुन्या माणसांनी आठवणी सांगितल्या, तेव्हा मला तुझी आजी फार आठवली. गोदाबाईंनी नागपूरला बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि घरी येऊन देव्हारा उचलला. माहेरच्यांनी वर्षानुवर्षं बोलणं टाकलं, पण म्हातारी बधली नाही. त्या प्रतिज्ञा कुठे आणि तुमचं ते पोरींचं घर कुठे, एका तागडीत घालायचं नाही, मला कळतं. पण बोललं ते पाळायचं, ही खोड तू कुठून उचललीस तेही मला कळतं.

आणि ऐक. आपले बाबा, जे सोसायटीच्या मीटिंगमध्ये "हजर" सोडून दुसरा शब्द बोलत नाहीत, ते विहारात उठून उभे राहिले. म्हणाले, "मी मुलीच्या सोयीसाठी आपल्या धर्माच्या नावावर खोटं लिहिणार होतो. तिने लिहू दिलं नाही." एवढंच बोलले आणि खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांनी माझा हात धरला, चारचौघांत, लग्नानंतर पहिल्यांदा. खाली बघत होते, पण छाती अशी फुगली होती की शर्टाचं बटण जातंय की काय असं मला वाटलं. मुलगी असावी तर अशी, नमे. मी तोंडावर कधी म्हटलं नाही, आता लिहून देते.

आता राहिलं माझं. मागच्या पत्रात मी "सहज चौकशी" असं लिहिलं होतं. सहज कसली! प्रिन्सिपॉलबाईंच्या केबिनबाहेर तासभर बसले होते. तुझे बारावीचे मार्क त्यांना तोंडपाठ म्हणून दाखवले. तू फोनवर रडत होतीस तेव्हा मला वाईट वाटत होतं, आणि आत कुठेतरी बरंही वाटत होतं, की आता येईल ही परत. तुझं तिथे बिनसावं असं तुझ्या आईला वाटलं. सांगायला जीभ रेटत नाही, पण तू त्या पोरीला दारातच खरं सांगितलंस, मग मी काय तुझ्यापेक्षा कमी आहे?

म्हणून काल एक काम केलं. बार्शीची हेमा म्हणून एक मुलगी आहे, इथे बीसीएला. हॉस्टेलच्या यादीत तिचं नाव लागलं नाही, तेव्हापासून ती स्वारगेटजवळ मावशीच्या सासरी राहते, आणि तिथे तिला रोज ऐकून घ्यावं लागतं. तीनदा येऊन गेली होती बिचारी. चौथ्यांदा आली तेव्हा मी तिला आत घेतलं आणि तुझी खोली उघडून दाखवली. तुझे कपडे माळ्यावर टाकलेत. पलंग, टेबल, खिडकी आता तिची.

जाताना पोरीने दबकत विचारलं, "काकू, तुमची मुलगी मध्येच परत आली तर मला काढणार नाही ना?"

बाबा माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "नाही. वर्षभर खोली तुझी. मी शब्द दिलाय."

तेव्हा डिसेंबरच्या सुट्टीत आलीस तर हॉलमध्ये गादी टाकेन, बाबांच्या घोरण्यासकट. त्याआधी यायचं नाही. विटांच्या घरात नीट राहा, आणि त्या पोरींना कधीतरी आपलं थालीपीठ करून घाल.

वर्षभर तुझी खोली परत न मागणारी,
तुझीच,
आई