पाण्याला आलेला निळा रंग

सोमवार, ३ मार्च

पुन्हा निळा! गडद, ठसठशीत, निर्लज्ज निळा. उपाशी ठेवलेल्या जंतूंनी याही वेळी माझं ऐकलं नाही.

नीट लिहून ठेवते, म्हणजे उद्या मला वेड लागलं तर निदान पुरावा राहील. आमच्या जंतूभोवती जाडजूड भिंत असते आणि तिच्यात टायकोइक आम्लाचे लांब दोर विणलेले असतात. त्या दोरांत फॉस्फेट ठासून भरलेलं. खाण्यातलं फॉस्फेट तोडलं की हा गडी अंथरूण पाहून पाय पसरतो — जुने दोर सोडून देतो, फॉस्फेट न लागणारे दुसरे विणतो. पाठ्यपुस्तकात तसं छापलंय. मी भिंत वेगळी काढते, नळीत जाळून राख करते, राखेवर औषध घालते. फॉस्फेट असेल तर निळा रंग येतो. उपाशी जंतूंचा यायला नको. माझ्या जंतूंचा येतो. चार वर्षं येतोय.

बुधवार, ५ मार्च

सर खूश. पाठ्यपुस्तकं बदलण्यासाठीच असतात, म्हणाले. निबंध वीस तारखेला पाठवायचा. तो छापून आला की माझी डॉक्टरेट!

घरी नवऱ्याला सांगितलं. खरं तर निम्मं श्रेय त्याचंच. याच प्रयोगशाळेत, याच सरांकडे तो माझ्याआधी डॉक्टर झाला. त्याच्या प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात हा हट्टी निळा पहिल्यांदा दिसला आणि त्यातूनच माझा विषय निघाला. तो "छान" म्हणाला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. कौतुकाची आमच्याकडे कायमच टंचाई. सासूबाई म्हणाल्या, जंतूंच्या भिंतीचं झालं असेल तर आपल्या बाथरूमच्या भिंतीकडेही बघ, ओल आलीय.

मंगळवार, ११ मार्च

आज एक आळस केला. राख करायच्या जाड नळ्या महाग, त्या आम्ही धुऊन पुन्हा वापरतो. पण तुलनेसाठी एक नळी नुसत्या पाण्याची ठेवावी लागते, ती मी नेहमी नव्या खोक्यातली घेते. खोकं संपलं होतं. म्हटलं, धुतलेली घेतली तर काय बिघडतंय.

पाणी निळं झालं.

पाणी! ज्यात औषधाला एक जंतू नाही, ते पाणी.

बुधवार, १२ मार्च

चोर सापडला. मीच.

प्रयोगशाळेतली भांडी धुणाऱ्या मावशी नळ्या आम्लात भिजत ठेवतात, त्याला वेळ लागतो. मी थांबत नाही. बेसिनवरचा साबण घेऊन माझ्या नळ्या मीच घासते. "आपली भांडी आपण घासावीत, मावशींच्या जिवावर विज्ञान करू नये" — इथे आले तेव्हा नवऱ्याने दिलेला हा पहिला धडा. तेव्हा तो नुसता सीनियर होता. या एका वाक्यावर मी भाळले, असं म्हटलं तरी चालेल.

मावशींना साबणाबद्दल विचारलं. त्या हातमोजे काढत म्हणाल्या, "त्यात फॉस्फेट असतं ना, ताई. म्हणून तर मी तो तुमच्या नळ्यांना लावत नाही. तुम्ही एवढ्या शिकलेल्या, म्हटलं, तुम्हाला माहीत असेल."

शनिवार, १५ मार्च

मावशींनी धुतलेल्या नळ्यांत सगळं पुन्हा केलं. उपाशी जंतूंच्या नळीला रंग नाहीच. बिचारे पहिल्या दिवसापासून पाठ्यपुस्तकाप्रमाणे वागत होते. चार वर्षं मी साबण मोजला!

गप्प बसले तर कुणाला कळणार आहे? निबंध जाईल, पदवी येईल. दिवसभर हा विचार गोंजारला. लिहायला लाज वाटते, पण गोंजारला.

सोमवार, १७ मार्च

सरांना सांगितलं. हात दाखवून अवलक्षण!

सरांनी आकडे दोनदा तपासले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. निबंध थांबवला. नवा विषय घ्यायचा, म्हणजे आणखी दोन वर्षं तरी गेली. मी दाराशी पोचले तेव्हा म्हणाले, निदान घरात एकाची पदवी तरी शाबूत आहे. धीर द्यायला म्हणाले असतील.

मंगळवार, १८ मार्च

रडले. मग एक गोष्ट लक्षात आली आणि रडू थांबलं. त्याच्या प्रबंधातला निळाही त्याच साबणाचा! त्याची कायमची नोकरी त्या प्रकरणावर मिळालेली. हे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं? माझी दोन वर्षं गेली तर गेली, पण तो पार मोडून पडेल.

बुधवार, १९ मार्च

त्याला शेजारी बसवून, शब्द जपून जपून सांगितलं. तो शेवटपर्यंत ऐकत होता. मग म्हणाला, "मला माहीत आहे. नोकरी लागली त्याच वर्षी कळलं होतं."

त्याच वर्षी मी विषय घेतला होता.

उद्या सरांकडे पुन्हा जायचं आहे.